सिस्टर, जरा विचारायचं होतं : बडवलेला बैल आणि पन्नास किलोचं पोतं

या वेळच्या पत्रांत एक पत्र पुरुषाचं आहे. छत्तीस वर्षं मी नर्स म्हणून माण-खटावच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, पण स्वतःच्या नसबंदीचा प्रश्न पुरुषाने आपणहून विचारलाय असं मोजून चार वेळा झालं. तेव्हा बाकीच्या बायांनो, रागावू नका, या महिन्यात जास्त जागा त्याला दिलीय.

प्रश्न : सिस्टर, मी बार्शीच्या मार्केटात हमाली करतो. वय ३४. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. दोन्ही वेळेला बायकोचं सिझर झालं, दुसऱ्या वेळी रक्त चढवावं लागलं. तेव्हाच ऑपरेशन उरकून घ्या म्हणाले होते, पण मुलगा कमी वजनाचा होता, काचेच्या पेटीत ठेवलेला, म्हणून आम्हीच नको म्हटलं. आता आई मागे लागलीय की सुनेचं ऑपरेशन करून टाक. मी म्हटलं, तिचं पोट दोनदा फाडून झालं, आता मी करून घेतो. तर घरात रडारड. आई म्हणते, बडवलेला बैल होशील, पोतं उचलायचं नाही तुझ्यानं. दोस्त हसतात. बायको तर आईपेक्षा जास्त रडते आणि कारण सांगत नाही. खरंच ताकद जाते का? काम किती दिवस बंद ठेवावं लागेल? आणि बायको का रडते, हे तुम्हाला कळत असेल तर सांगा.

उत्तर : दादा, आधी आईंच्या बैलाचं बघू, कारण तो बैल प्रत्येक गावात मला आडवा आलाय.

बैल बडवतात तेव्हा चिमट्याने त्याच्या अंडाकडे जाणाऱ्या नसाच चेचतात. रक्त पोचत नाही, अंड सुकून जातं, आणि त्याबरोबर वळूची मस्ती जाते. माणसाच्या नसबंदीत अंडाला कुणी हातही लावत नाही. तिथून निघणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, शुक्राणू वाहून नेणाऱ्या, तेवढ्या कापून बांधतात. पुरुषाचा आवाज, दाढी, इच्छा, अंगातला जोर हे सगळं ज्या रसावर चालतं, तो रस या नळीतून जातच नाही. तो अंडातून थेट रक्तात मिसळतो आणि पहिल्यासारखाच मिसळत राहतो. वीर्यसुद्धा येतं, दिसायला तेवढंच. त्यात शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागच असतो, बाकीचं पुढच्या ग्रंथींत तयार होतं.

आणि आईंना एवढं जरूर विचारा, की औताला आणि गाडीला जुंपतात तो बैल कुठला? बडवलेलाच. ताकद जात असती तर आपल्या आज्या-पणज्यांनी शेती केली असती कशाच्या जिवावर?

आता ऑपरेशन. टोचून तेवढ्याच जागेला भूल देतात. कातडीला एक बारीकसं भोक पाडतात, त्यातूनच एकेक नळी वर घेऊन कापतात आणि बांधतात. सुरी नाही, टाका नाही. ही रीत चीनमधल्या डॉक्टरांनी १९७४ साली काढली आणि आता आपल्याकडेही तशीच करतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात. थोडा वेळ पडून राहायचं आणि चालत घरी यायचं. घट्ट लंगोट किंवा चड्डी बरोबर न्या, पहिले काही दिवस तिचा आधार लागतो. दोन दिवस पूर्ण आराम. सायकल आणि ओझं आठ दिवस बंद, असं नियमात आहे. पण नियम लिहिणाऱ्याने पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलेलं नसतं. तुम्हाला मी पंधरा दिवस सांगेन. थोडी सूज येईल, निळं-काळं पडेल, ते उतरतं. सूज वाढतच गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर वाट न बघता परत दाखवायचं. थोड्या पुरुषांना पुढेही त्या जागी दुखरेपणा राहतो, हेही आधी माहीत असू द्या. हायड्रोसील किंवा हर्निया असेल तर पहिल्यांदा त्याचा इलाज.

एक वाईट प्रश्न विचारते, तो सगळ्यांनाच विचारावा लागतो. पेटीतला तो मुलगा आता धडधाकट आहे ना? नळी पुन्हा जोडता येते, पण जोडली म्हणजे मूल होईलच याची खात्री कुणी देत नाही. तेव्हा हे कायमचं, असं धरूनच चला. मनात तीळभर शंका असेल तर वर्षभर तांबी (कॉपर-टी) किंवा निरोध वापरा, कुठे गाडी सुटत नाही.

आता तुमच्या बायकोचं. मी तिला पाहिलेलं नाही, तरी बहुतेक मला कळलंय.

१९९९ साल असावं. माझ्या हद्दीतल्या एका टेम्पोवाल्याने नसबंदी करून घेतली. नळ्या बांधल्या तरी पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात. ते संपायला तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं आणि अहवालात शुक्राणू शून्य आले की मगच मोकळं. मी त्याला हे दोनदा सांगितलं आणि पाकिटं दिली. पाकिटं त्याच्या पोरांनी फुगे म्हणून फुगवली, अंगणात उडताना मी स्वतः पाहिली. चौथ्या महिन्यात बायकोला दिवस गेले. नवऱ्याचं तर ऑपरेशन झालेलं, मग हे कुणाचं? मी पोचले तेव्हा ती गोठ्यात गव्हाणीला टेकून बसली होती, मांडीवर आधीचं तान्हं पोर, पदरात गुंडाळलेलं, त्याच्या अंगावर कडब्याचं कूस. सासूने तिला तीन दिवस उंबरा ओलांडू दिला नव्हता. नवरा दारात मान खाली घालून उभा, ना हूं ना चूं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने साताऱ्याला नेलं आणि तपासणी करून घेतली. शुक्राणू होते, चांगले हलते. तो कागद सासूच्या हातात ठेवला, तिला वाचता येत नव्हतं, मग दिराने मोठ्याने वाचला. सासू म्हणाली, "मग आधी सांगायचं हुतं की." आधी सांगितलं होतं. सुनेने ते मूल ठेवलं नाही. साधन फसलं तर बाईला गर्भपात करून घेता येतो, हे १९७१ च्या कायद्यातच होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर लग्न झालेलं असो वा नसो, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाई असेल तर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही.

तुमच्या बायकोच्या डोळ्यांसमोर असलाच कुठला तरी गोठा असणार. माहेरी, शेजारी, कुठेतरी ऐकलेला. उद्या चुकून दिवस गेले तर बोट तिच्याकडे जाणार, तुमच्याकडे नाही. ती तोंडाने हे म्हणणार नाही, कारण असं म्हणणं म्हणजे आपणच आपल्यावर संशय घेतल्यासारखं. तेव्हा तिला विचारत बसू नका, आईसमोर बोलून टाका की हे ऑपरेशनही क्वचित फसतं, तीन महिने जपायचं आहे, आणि काही झालं तर पहिली तपासणी माझी होईल. तपासणीनंतर दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळतं. ते आणून तिच्या हातात द्या, तिलाच ट्रंकेत ठेवू द्या.

दोस्तांच्या हसण्यामागे थोडा इतिहास आहे. माझं माहेर कराडकडचं. १९७६ साली, आणीबाणीत, मी सोळा वर्षांची होते. नसबंदीला धरून न्यायला येणाऱ्या जीपचा आवाज आला की गावातले पुरुष उसात घुसायचे. माझा चुलता दोन रात्री उसात झोपला. उसात साप निघतात, पण तो सापापेक्षा जीपला भ्यायला होता. त्या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांवर ऑपरेशनं झाली, त्यातली साठ लाखांहून जास्त पुरुषांची. आपल्या राज्याने तर तीन मुलांनंतर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर करून दिल्लीला धाडला होता, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून तो तिथेच राहिला. पुढे दिल्लीतलं सरकार निवडणुकीत हरलं, १९७७ ला 'कुटुंब नियोजन' पुसून पाटीवर 'कुटुंब कल्याण' लिहिलं गेलं, आणि पुरुषाच्या दारात जायची कुणाची छाती होईना. मग सगळ्या दुर्बिणी बायकांकडे वळल्या.

मी १९८२ ला नोकरीला लागले तेव्हा आमच्या कामाचं माप एकच, केसेस, म्हणजे ऑपरेशनला आणलेली माणसं. मला वर्षाचा आकडा, मास्तरांना आकडा, तलाठ्याला आकडा, ग्रामसेवकाला आकडा. पूस-माघाच्या थंडीत शिबिरं लागायची. शाळेतली बाकं भिंतीला लावून खाली सतरंज्या अंथरायच्या, त्यावर बायका ओळीने. बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधलेल्या, खोलीभर स्पिरिटचा वास, आणि बाहेर लिंबाखाली नवरे तंबाखू मळत बसलेले. एकदा एका बाईच्या पायाशी उभे राहून तलाठी आणि मास्तर भांडत होते, ही केस कुणाच्या नावावर. मी आणली, मी आणली. ती अर्धवट गुंगीत होती. डोळे न उघडताच म्हणाली, "माझ्या नावावर लिवा की."

१९८८ च्या जानेवारीत त्याच सतरंजीवर मी होते. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्या वर्षी त्यांच्या दोन केसेस कमी पडत होत्या. त्यातली एक मी. 'तुम्ही करून घ्या' असं मी त्यांना म्हटलं का? नाही म्हटलं. नळीचं, रसाचं, वर तुम्हाला सांगितलं ते सगळं मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. तरी मनात आलंसुद्धा नाही. ते नाही म्हणाले असते तर निदान त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

१९९६ ला ती उद्दिष्टांची पद्धत देशभर बंद झाली. सवय मात्र राहिली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभर जोडप्यांमागे जवळजवळ अडतीस ठिकाणी बाईचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषाचं हजारात तीन ठिकाणी. तुम्ही त्या तिघांतले. दोस्तांना हसू येणारच, त्यांनी असा माणूस पाहिलेलाच नाही.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर सरकारी दवाखान्यांत पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. सोयाबीनची धांदल तोवर ओसरते, तेव्हा तुमच्या सोयीचा काळ तोच. एरवीही होतं, आशाताईंना विचारा, तारीख त्या काढून देतील. बायकोची सही लागत नाही, पण तिला सांगितल्याशिवाय जाऊ नका. सरकार जे पैसे देतं ते बाईपेक्षा पुरुषाला जास्त मिळतात. पंधरा दिवसांची हमाली त्यातून भरून निघणार नाही, तेवढं आधी बाजूला काढून ठेवा.

प्रश्न : मी ३२ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी. लग्नाला पाच वर्षं झाली. आम्हा दोघांनाही मूल नको आहे, हा निर्णय लग्नाआधीच झाला होता. गोळ्यांनी माझं डोकं दुखतं म्हणून तांबी बसवायला गेले तर डॉक्टर म्हणाल्या, आधी एक होऊ द्या, मग बसवू. सासूबाईंनी सोळा सोमवार धरलेत. आम्ही चुकतोय का?

उत्तर : मूल न झालेल्या बाईलाही तांबी चालते. आत जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासून बसवायची, एवढंच. जिला मूल झालेलं नाही तिची पिशवीची वाट अरुंद असते, त्यामुळे बसवताना जरा जास्त दुखतं आणि तांबी सरकून पडायची शक्यता थोडी जास्त. पहिले काही महिने पाळी जास्त जाते, पोट दुखतं. ३८० ए नावाची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. मध्येच मन बदललं तर काढून टाकायची. दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि हे सगळं ठणकावून विचारा. डोकेदुखीचं मात्र त्यांना नीट सांगा. एका बाजूचं डोकं ठणकतं, त्याआधी डोळ्यांपुढे वेडीवाकडी चमक दिसते, असं असेल तर त्या गोळ्या तुमच्यासाठी नव्हेतच. कायमच्या ऑपरेशनचा विचार असेल तर सरकारी नियमात निदान एक मूल, तेही वर्षावरचं, लागतं. तो रस्ता तिथे बंद आहे. यजमानांनाही तोच नियम.

चुकताय का, ते मला कुठून कळणार? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला तेच साल. त्यापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, एकात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे पती-पत्नींनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. शंभर वर्षं उलटली आणि तुम्ही अजून मला विचारताय की चुकतोय का.

सोळा सोमवारांचं उत्तर तुम्ही देऊ नका. त्या ज्यांच्या आई आहेत त्यांना देऊ द्या. आणि 'आमचं चाललंय, बघू' असं गुळमुळीत नको, त्यातून सतरावा सोमवार निघतो.

प्रश्न : मी सावंतवाडीहून लिहिते. सुनेला चौथा महिना आहे. सात वर्षांचा नातू विचारतो, बाळ पोटात गेलं कसं? मी म्हटलं, देवाने दिलं. तर म्हणाला, मग देवाने परत घेतलं तर? गेल्या वर्षी तिचा दोन महिन्यांचा गर्भ पडला होता, ते त्याच्या कानावर गेलंय वाटतं. मला काही सुचलं नाही.

उत्तर : ताई, सुचणार नाहीच, कारण त्याने विचारलं एक आणि त्याला हवं होतं दुसरं. तो भ्यालाय. देवाला मध्ये घातलंत तर आता देवाचीही भीती बसेल.

त्याला जवळ घेऊन सरळ सांगा की आईच्या पोटात एक पिशवी असते, बाळ तिथे वाढतं. मागच्या वेळी बाळ नीट धरलंच नव्हतं, म्हणून गेलं. सुरुवातीच्या दिवसांत असं पुष्कळ जणींचं होतं. कुणी काही केलं म्हणून झालं नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा. एका वस्तीवर असंच एक पोर होतं, आईचा गर्भ पडल्यापासून जेवेना. महिन्याभराने बोललं. आई निजली असताना ते तिच्या पोटावरून उडी मारून पलीकडे गेलं होतं, आणि बाळ आपणच मारलं असं धरून बसलं होतं. तुमच्या नातवालाही विचारा, मनात असलं काही आहे का. विचारताना भाकरी थापा, नाहीतर वाटाणे सोला, समोरासमोर बसून विचारलं की पोरं गप्प होतात. आणि चौथा महिना लागलाय, डॉक्टरांनी तपासलंय, हेही सांगा. त्याला पुढच्या तपासणीला बरोबर नेऊ द्या, बाळाच्या ठोक्याचा आवाज ऐकू दे.

आता 'गेलं कसं'. आईकडे एक बी असतं, बाबांकडे एक असतं, दोन्ही एकत्र आली की बाळ धरतं. सात वर्षांना बहुतेक एवढं पुरतं. तेवढ्याने भागलं नाही आणि बाबांचं बी तिकडे पोचलं कसं असं विचारलं, तर तुम्ही अडखळू नका, त्याला बाबांकडे पाठवा. बाबांना घाम फुटेल. फुटू दे.